पालखीच्या खेळाविषयी आलेल्या तक्रारी

खेळ बनवणाऱ्याला लोक साधारण दोनच गोष्टी सांगतात. फार अवघड आहे, नाहीतर फार सोपा आहे. माझ्या खेळाबद्दलची पहिली तक्रार माझ्या वडिलांनी केली आणि ती अशी होती, की देवीची पालखी पडत नाही.

मी महाडात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. क्लास पहिल्या मजल्यावर आहे, कारण पूर येणाऱ्या महाडात शहाणा माणूस तळमजल्यावर कॉम्प्युटर ठेवत नाही. माझं माहेर पोलादपूर तालुक्यात, आंबेनळीच्या रस्त्यावर एसटीतून उतरून मग बरंच चढून जावं लागतं अशा एका वाडीवर. पावसाळ्यात घाट बंद झाला की क्लासची अर्धी मुलं येत नाहीत, आणि उरलेली आली तरी वीज येत नाही. अशाच एका पावसाळ्यात मी हा खेळ करायला घेतला. मोठा काही विचार नव्हता. मुलांना शिकवायला एक उदाहरण हवं होतं, आणि पुस्तकातलं ससा-गाजराचं उदाहरण मला तोंडपाठ होऊन त्याचा कंटाळा आला होता.

खेळ शिमग्याच्या पालखीचा. शिमग्यात आमच्या वाडीत ग्रामदेवीची पालखी घरोघर जाते. वाडीतले तरणे गडी ती खांद्यावर घेतात, ढोल-सनईवर अंगणात नाचवतात, घरची बाई देवीची ओटी भरते, गावकीचे अध्यक्ष त्या घरासाठी देवीला गाऱ्हाणं घालतात, आणि पालखी पुढच्या घरी निघते. मुंबईला गेलेली निम्मी वाडी त्या दिवसांत परत येते. माझ्या खेळात ही पालखी अंगठ्याने सांभाळत न्यायची होती. पायऱ्या, बांध, ओहोळ, मध्येच आडवी येणारी म्हैस. आमच्याकडे बाई पालखीला खांदा देत नाही. मी जन्मभर ती दारात उभी राहून पाहिली, तेव्हा ती कशी डुलते, चढावर मागे कशी झुकते, हे मला चांगलंच पाठ होतं. खांद्यावर घेता येत नाही तर निदान अंगठ्यावर घेऊ, असाही एक हिशेब मनात असेल.

ॲप केलं नाही, नुसती लिंक, एकदा उघडली की रेंज नसली तरी चालणारी. आमच्या लोकांच्या फोनमध्ये ॲपला जागा नसते. ती सुप्रभातच्या फुलांनी भरलेली असते.

तर बाबा. पहिल्या आवृत्तीत तोल गेला की पालखी कलंडायची आणि ‘खेळ संपला’ असं यायचं. बाबांनी चष्मा लावून पालखी दहा पावलं नेली, कलंडवली, आणि फोन माझ्या हातात परत दिला.

“कोन म्हनतो पालखी पडते?”

“बाबा, खेळ आहे तो. हरायला काहीतरी पाहिजे ना.”

“माझ्या बापाच्या खांद्यावर होती, माझ्या खांद्यावर होती. पडली नाय. हरायला तुला दुसरं काय गावलं नाय?”

मी त्यांना समजावलं की हरण्याची भीती नसेल तर कुणी खेळत नाही. ते म्हणाले, “आमी खेळलो की.” मी रागाने दोन दिवस खेळाला हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला तेच सुचलं जे वाडीत कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. पालखी पडत नाही, जड होते. देवीच्या मनात नसलं, कुणाचं काही चुकलं, की पालखी खांद्यावर जड होते आणि गडी पुढे सरकत नाहीत. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. मग मी तसं केलं. तोल गेला की पालखी जड होत जाते, हळू चालते, आणि शेवटी थांबते. थांबली की हात जोडल्याचं बटण दाबायचं, मग ती हलकी होते. हरायची सोयच नाही असा माझा खेळ झाला. क्लासमधल्या मुलांना मी सांगितलं की याला नवीन विचार म्हणतात.

दुसरी तक्रार सगळ्या वाडीची होती. मी पालखीला मोकळीक दिली होती. कुठल्याही घरी आधी जा, संध्याकाळच्या आत सगळी घरं झाली पाहिजेत, कमी चालेल तो हुशार. मला तोच खेळाचा गाभा वाटत होता. आमच्या वाडीचे व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप आहेत, एक गाव मंडळाचा, एक मुंबई मंडळाचा, आणि त्यांचं कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही. सभामंडपाच्या पत्र्याच्या रंगावरून ते वर्षभर भांडले, तोवर पत्रे गंजले. मी दोन्हीकडे लिंक टाकली आणि त्यांचं एकमत झालं.

झालं असं, की माझ्या एका चुलतभावाने पालखी सगळ्यांत आधी स्वतःच्या घरी नेली, त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “मान मिळाला.” आता पालखी कुठल्या घरी आधी आणि कुठल्या घरी नंतर, हा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. पहिलं घर मानकऱ्यांचं, दुसरं खालच्या आळीत, तिसरं वरच्या, चौथं परत खाली. पालखी अशी फिरते की समोरच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला वाटावं, यांचं काहीतरी हरवलंय. जवळचं घर आधी केलं तर वेळ वाचेल, हे वाडीत कुणाला कधी सुचलंच नाही असं नाही. सुचलेला माणूस पुढच्या सभेत ते बोलला नाही, एवढंच. मी मात्र शिकलेली असल्यामुळे ते सगळ्यांच्या फोनवर पाठवलं होतं.

चुलतभावाच्या आईशी बायका काही दिवस पाणवठ्यावर बोलत नव्हत्या. माझ्या आईशी बोलत होत्या, पण माझ्याबद्दल.

मी क्रम मानाचा केला. वाडी शांत झाली आणि खेळ मेला. रस्ता ठरलेला, पडणं नाही, हरणं नाही. मुंबई मंडळातल्या एकाने लिहिलं, “इसमें गेम किधर हाय?” त्याचं बरोबर होतं, त्यामुळेच मला तो आवडला नाही. मग मी दम आणला. पालखीवाल्यांना दम लागतो, चढावर जास्त लागतो, आणि दम संपला की पालखी जड व्हायला लागते. खालच्या आळीतून वरच्या आळीत जायची चढण आमच्याकडे अशी आहे की नवी सून पहिल्या वर्षी ती बघून रडते. तीच मी खेळात जशीच्या तशी ठेवली. आता खेळायला काहीतरी झालं.

बायकांची तक्रार वेगळी होती. “नुस्ती पालखी नाचवून काय करायचंय? वटी कोन भरनार?” मग मी ओटीचं बटण केलं. खण, नारळ, तांदूळ, एकेक उचलून देवीपुढे ठेवायचं. यात वेळ जायचा आणि पुरुष वैतागायचे. बायका मात्र तेवढ्यासाठीच खेळायच्या. पालखी कशीबशी दारापर्यंत आणायची, नीट ओटी भरायची, आणि फोन ठेवून भाकरी थापायला जायचं. पुढच्या घरी पालखी गेली की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. शहरातला एखादा खेळ करणारा याला अपयश म्हणेल. आई म्हणाली, बायका खूष आहेत.

या सगळ्यात एक तक्रार मुंबईहून आली, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं सांगते आहे.

वाडीत फोनची रेंज एकाच ठिकाणी येते, चढणीच्या अर्ध्यावर, डोंगराच्या एका सोंडेवर. तिथे एक घर आहे, बाबांच्या चुलतभावाचं, म्हणजे माझ्या काकांचं. काकी गेल्यावर काकांना मुलाने मुंबईला नेलं. तिथे ते चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि गुडघे असे की खाली उतरले तर परत वर कोण नेणार हा प्रश्न असतो. म्हणून ते उतरत नाहीत. वाडीतल्या घराला तेव्हापासून कुलूप. पण रेंज त्याच अंगणात येत असल्यामुळे वाडीतली सगळी तरणी मंडळी संध्याकाळी काकांच्या ओट्यावर फोन घेऊन बसलेली असतात. आमच्या वाडीत कुलूप लावलेल्या घराइतकी वर्दळ दुसऱ्या कुठल्या घरात नाही.

खेळात मी ते घर नुसतं काढलं होतं. कौलं, ओटा, दाराला कुलूप, अंगण मातकट, कडेला सुकलेलं गवत. पालखी त्याच्या पुढून निघून जायची. खरीही तशीच जाते. गावकीचा नियम आहे, ज्या घरात त्या दिवशी घरच्या माणसाने चूल पेटवली नाही, त्या घरी पालखी थांबत नाही. किल्ली बाबांकडे होती, पण किल्लीचा उपयोग नव्हता. चूल घरच्या माणसानेच पेटवायला हवी. ‘कुलपाला मान नाय’ असं अध्यक्ष दर वर्षी होळीच्या सभेत सांगतात, म्हणजे मुंबईवाल्यांना पुढल्या वर्षीची तिकिटं काढायची आठवण राहते.

काका लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. त्यांचा पहिला निरोप असा होता: “गो, मी खालनं वर आनतो पालखी. माझ्या दारात आली की थांबत नाय. वटीचं बटन दाबतो, तरी पुढं जाते. चेक कर.”

मी क्लासमध्ये होते. घाईघाईत लिहिलं, “काका, ते घर बंद आहे म्हणून ते नुसतं चित्र आहे.” पाठवलं आणि मला माझाच राग आला. पुसून टाकायला गेले तर त्यांनी पाहिलेलं होतं. बऱ्याच वेळाने त्यांचा निरोप आला, “चित्र तर चित्र. चांगलं काडलंयस. वट्याची एक पायरी कमी हाय.”

पायरी खरंच कमी होती. मी ती वाढवली.

त्यानंतर काका रोज खेळायचे. कोण किती वेळ खेळतं ते मला दिसत होतं, आणि काकांइतकं कुणी खेळत नव्हतं. पालखी काढायचे, मानाच्या क्रमाने सगळी घरं करायचे, चढणीवर स्वतःच्या अंगणात यायचे आणि बटण दाबत राहायचे. पालखी पुढे जायची. एकदा मी त्यांना फोन केला आणि विचारलं, “काका, कंटाळा नाही येत?”

“खिडकीतनं दुसरी खिडकी दिसते,” काका म्हणाले. मग म्हणाले, “मी काय आता तिथवर चढत नाय. सून बिचारी करते, पोरगा कामावर. तुझी काकी होती तवा तिसरा मान होता आपला. एकदा थांबली पायजे गो, माझ्या डोळ्यादेखत. बास. मंग जाऊ दे पुढं.”

मी फोन ठेवला. मला वाईट वाटलं आणि मला संतापही आला, काकांचा नाही, कुणाचा ते कळेना. खेळात पालखी थांबवणं माझ्या हातात होतं. काका ज्या थांबण्याबद्दल बोलत होते, ते नव्हतं.

त्याच सुमाराला सगळीकडून ओरड सुरू झाली की चढण फार कठीण आहे. दम पुरत नाही, अर्ध्यावरच पालखी जड होते, हात जोडून जोडून अंगठा दुखला. कुठेतरी विसावा द्यायला हवा होता. चढणीच्या बरोबर मध्यावर काकांचं अंगण होतं. मी पालखीचा विसावा तिथे ठेवला. अंगणात थांबली की दम भरतो, मग पुढे. हे मी चढणीसाठी केलं की काकांसाठी, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. चढणीसाठी, असं मी सांगायचे. ते खोटंही नव्हतं.

अध्यक्षांचा फोन आला.

“कुलपाला मान नाय, म्हाईत हाय ना तुला?”

“अध्यक्ष, मान नाही दिला. विसावा आहे. तांत्रिक बाब आहे.”

आमच्याकडे तांत्रिक बाब म्हटलं की माणूस सहसा गप्प बसतो. वायरमन हे वाक्य वापरून वर्षं काढतात. पण अध्यक्ष गप्प बसले नाहीत. ते म्हणाले, “हे बघ, बंद घरात पालखी थांबायला लागली तर उद्या येनार कोन? समदे तिकडं बसून फोनवर वटी भरतील. ह्या एका नियमानं वाडी वर्सातनं एकदा भरते. तेवढा एकच धाक हाय आमच्याकडं.”

मला त्यांचा राग आला होता, पण ते बोलले त्यात खोट काढता येईना. मी एवढे महिने माणसांनी खेळात परत परत यावं म्हणून डोकं फोडत होते, आणि त्यांच्याकडे एका ओळीचा नियम होता, ज्याच्यामुळे माणसं मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करून येत होती. मग अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले, “विसावाच द्यायचा तर आमची पडवी हाय की. मोटी हाय.” त्यांची पडवी चढण संपल्यावर येते. मी म्हटलं, बघते.

शेवटी तडजोड झाली. पालखी काकांच्या अंगणात थांबेल, पण ओटी नाही, गाऱ्हाणं नाही, नाचवायची नाही. नुसती टेकवायची आणि उचलायची. अध्यक्षांचं समाधान झालं. खेळणाऱ्यांना दम मिळाला. तडजोड चांगली झाली की सगळे थोडे थोडे खूष असतात असं म्हणतात. काका नव्हते.

“थांबते,” त्यांचा निरोप आला, “पन वटी भरत नाय. अर्धवट काम कशाला केलंस? आनी अंगन असं काय? देवी टेकते तिथं माती? सारवलेलं पायजे.”

अंगणाचा रंग बदलायला मला एक ओळ पुरली असती. बाकीच्या सगळ्या घरांची अंगणं सारवलेली होतीच, तोच रंग तिथे लावायचा. पण मी नाही लावला. मी त्यांना कळवलं की खेळात जे आहे ते आहे तसंच दिसेल. घर बंद आहे, अंगण कुणी सारवत नाही, मी खोटं दाखवणार नाही. एवढं ताठ बोलायची गरज नव्हती. पण इतक्या लोकांनी इतक्या बाजूंनी मला वाकवलं होतं की एका ठिकाणी तरी मला सरळ उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी सापडले कोण, तर काका. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

काका म्हणाले, “बरं.” आणि खेळत राहिले. दर आठ-पंधरा दिवसांनी निरोप यायचा, “अंगन बघ जरा.”

शिमगा आला. मी एक दिवस आधी माहेरी गेले. काकांचा ओटा मुंबईच्या पाहुण्यांनी भरला होता आणि सगळे माझा खेळ खेळत होते. खरी पालखी उद्या त्यांच्याच खांद्यावर येणार होती, तरी आज फोनवर सराव चालला होता. ‘मान मिळाला’वाल्या चुलतभावाने मला सांगितलं, “तुझ्या गेमनं खांद्याला सवय नाय लागत, पन कुटं दम खायचा ते समजतं.” मी याला कौतुक समजले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पालखी खालच्या आळीतलं घर करून चढणीला लागली. मी काकांच्या अंगणात उभी राहून त्यांना व्हिडिओ कॉल लावला, म्हणजे निदान जाताना दिसेल. रेंज तिथेच होती. चौथ्या मजल्यावर काका टोपी घालून बसले होते. घरात बसून टोपी.

ढोल जवळ आला. पालखी वळणावरून वर आली. पुढे चुलतभाऊ होता, घामाने ओला. मी फोन उंच धरला. काका म्हणाले, “दिसली. दिसली गो. बास, जाऊ दे आता पुढं.”

पालखी अंगणासमोर आली आणि थांबली.

सनईवाला चार पावलं पुढे जाऊन मागे वळला. ढोल वाजता वाजता विरला. अध्यक्ष मागून ओरडले, “काय रे, काय झालं? चला की!”

चुलतभावाने खांद्यावरचा दांडा हलवून पाहिला, किंवा पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाला, “जड झाली.”

मागचा गडी म्हणाला, “व्हय. जड झाली.”

खरंच जड झाली, की इतके दिवस अंगठ्याने तिथे थांबून थांबून पाय आपोआप थांबले, की आदल्या संध्याकाळी काकांच्या ओट्यावर बसून त्यांनी काही ठरवलं होतं, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. काही गोष्टींवर अभिप्राय मागू नये. सगळे अध्यक्षांकडे बघत होते. अध्यक्षांनी पालखीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, आणि डोक्याला गुंडाळलेलं उपरणं काढून खांद्यावर टाकलं.

“देवी थांबली,” ते म्हणाले, “तर आपन कोन? टेकवा.”

पालखी काकांच्या अंगणात टेकली. आता ओटी भरल्याशिवाय ती उचलता येणार नव्हती, हेही सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनी विचारलं, “ह्या घरची कोन हाय?” घरची कुणीच नव्हती. आईने मला मागून ढकललं. “ही हाय की. माहेरवाशीन. ह्याच भावकीची.” आणि ती स्वतः खण-नारळ आणायला आमच्या घराकडे अशी पळाली की तिचे गुडघे दुखतात यावर यापुढे मी विश्वास ठेवणार नाही.

मी फोन बाबांच्या हातात दिला आणि ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. बटण दाबण्यापेक्षा ते पुष्कळ अवघड होतं. अध्यक्षांनी गाऱ्हाणं घातलं. काकांचं नाव घेतलं, काकींचंही घेतलं, मुंबईला असलेल्या लेकाला-सुनेला सुखी ठेव म्हणाले, आणि मग, नियमाची आठवण राहावी म्हणून, पुढल्या वर्षी या घरात चूल पेटू दे म्हणाले. मला रडू आलं. बाबांनाही आलं, पण त्यांच्या हातात फोन होता, म्हणून ते फोन हलला असं म्हणतात.

मग पालखी नाचली. काकांच्या अंगणात, कुलपासमोर, ढोल फुटेल असा वाजला.

ती उचलून पुढे गेल्यावर मी बाबांकडून फोन घेतला. काका पडद्याच्या अगदी जवळ आले होते, त्यांचं अर्धं कपाळ आणि टोपी तेवढी दिसत होती. मी म्हटलं, “काका, पाहिलंत ना?”

“पाह्यलं.” त्यांनी नाक ओढलं. “गो, अंगन सारवलेलं नव्हतं.”

कॉल संपला. माणसं पालखीमागे वर निघून गेली होती. अंगणात गुलाल, तांदूळ, नारळाच्या शेंड्या आणि चपलांचे ठसे. मी शेजारच्या गोठ्यातून पाटीभर शेण आणलं, बादलीभर पाणी आणलं, नव्या साडीचा पदर खोचला आणि सुरुवात केली. कडेचं गवत आधी उपटलं. लग्न झाल्यापासून मी सारवलं नव्हतं. हाताला मात्र सवय राहिलेली होती.

आई वरून परत आली आणि बघतच राहिली. “पालखी गेली की गो. आता कशाला सारवतीस?”

“तक्रार आलीये,” मी म्हटलं.

उन्हं उतरेपर्यंत झालं. ओल्या अंगणाचा फोटो काढला आणि काकांना पाठवला. त्यांनी लगेच पाहिला. लगेच निरोपही आला.

“तुळशीकडला कोपरा ऱ्हायलाय.”

राहिला होता. पाटीत थोडं शेण उरलं होतं. मी तो कोपरा सारवला आणि परत फोटो पाठवला. काकांनी तोही पाहिला. मी ओट्याच्या पायरीवर बसून, हात वाळेपर्यंत, वाट पाहिली. आणखी तक्रार आली नाही. मग मी हात धुतले, आणि तिथेच बसून खेळातली अंगणाच्या रंगाची ती एक ओळ बदलली.